‘उभी पट्टी’ मैनाच्या हवाली

बिस्मिल्लाह. मी, अमीरुन्निसा बदरुद्दीन सरखोत, वय वर्षे एकसष्ट, मूळ गाव म्हसळा, जिल्हा रायगड, हल्ली राहणार सीब, ओमान, धंदा लेडीज टेलर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही काही गुडघ्याने करायची नसते. कोणी दडपण आणलेले नाही. आणून बघावे.

१. मला इथेच सीबच्या कब्रस्तानात दफन करावे. विमानातून गावी नेण्याचा खटाटोप करू नये. या मातीने मला रोजी दिली, माणसे दिली. अल्लाहचे लाख शुक्र.

२. म्हसळ्याचे घर, आंब्याची कलमे आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे माझ्या दोन वारसांत वाटावी: एकुलती मुलगी नूरैन आणि माझ्या मरहूम भावाचा मुलगा रशीद. रशीदचा हक्क आहे, तो त्याने खुशाल घ्यावा. कलमांना पाणी मात्र स्वतः जाऊन घालावे, फोनवरून नव्हे.

३. दुकानातली पिको मशीन आणि मोठी कात्री माझ्या हाताखाली शिवणाऱ्या फरिदाला. माझ्या आजारपणात तिने दुकान एकटीने ओढले. मात्र त्या कात्रीने कागद कापलास ना फरिदा, तर याद राख!

४. आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते कलम. ‘उभी पट्टी’ हे आमचे चित्रकथांचे मासिक आम्ही १९९४ साली सुरू केले. आम्ही म्हणजे मी, मैना आणि तानाजी. मैना कणकवलीकडची, सीबमध्ये एका घरी स्वयंपाक-भांडी करायची. माझ्याकडे ब्लाउज शिवायला आली आणि माप घेईपर्यंत माझ्या खडूने टेबलावर आपल्या मालकिणीचे चित्र काढून मोकळी झाली. असे हुबेहूब, की मी हसून हसून खाली बसले. तानाजी वेल्डर. अक्षर मोत्यासारखे, तोंड मात्र सदा चालू.

पहिल्या अंकात मैनाचीच गोष्ट होती: गाव सोडले, विमानतळावर रडली, इथे भांडी घासली, शेवटी सुट्टीवर घरी जाऊन पोरांना मिठी मारली. चौकटी मी मांडल्या. मी शिकले उर्दू शाळेत, तेव्हा उजवीकडून डावीकडे मांडल्या. तानाजीने मराठीत अक्षरे भरली आणि अंक कामगारांच्या खोल्यांवर गेला. तिथल्या गावकऱ्यांनी तो डावीकडून वाचला. त्यांच्या गोष्टीत बाई पोरांना मिठी मारते, मग खुशीने भांडी घासायला लागते आणि गाव सोडायचे सोडून गावाच्या अंगणात जाऊन उभी राहते! तानाजी धावत आला. “भाभी, यल्ला, काहीतरी करा! लोक विचारतायत, ही बाई शहाणी आहे ना?”

तेव्हापासून आम्ही चौकटी एकाखाली एक मांडल्या, मोजपट्टीसारख्या उभ्या. उर्दूवाला असो की मराठीवाला, वरून खाली सगळेच वाचतात. मासिकाला नाव तिथूनच मिळाले.

दुसरी अडचण चेहऱ्यांची. आम्ही सगळी काळी-सावळी माणसे. रंग भरला की झेरॉक्समध्ये काळा डाग उमटायचा, मशीन फिके केले की चेहराच गायब. मैनाने रंग सोडून धावदोऱ्यासारख्या बारीक तुटक रेघांनी चेहरे भरले. डोळे दिसले, हसू दिसले आणि रंगही काळाच राहिला. नियम एकच ठेवला: ज्याची गोष्ट, त्याचेच चित्र आणि त्याचेच नाव. सुईण, सफाईवाला, सुतार, सगळ्यांनी काढले. काहींचे हात असे वाकडे, की घोडा आणि बकरी ओळखू येत नसे. तरी छापले.

झेरॉक्सवाल्या यूनुसभाईंनी कागदापलीकडे कधी काही घेतले नाही. माझे मालक बदरुद्दीन, अल्लाह त्यांना जन्नत देवो, अंक पिकअपमधून सोहारपर्यंत पोचवायचे. त्यांच्या पश्चात सहमचे मजीदभाई किराण्याच्या पिशव्यांतून देतात. या सगळ्यांचे उपकार फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत. असू देत अंगावर, ऊब असते.

५. मूळ चित्रांची ट्रंक, ‘उभी पट्टी’ हे नाव आणि छापण्याचा संपूर्ण हक्क मी मैनाला देत आहे. ती वारस नाही. शरियतप्रमाणे परक्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देता येते. पूर्वी अडचण नव्हती, कारण रशीदने ट्रंक बघून “फुफी, ही रद्दी काढून टाक” असे सांगितले होते. गेल्या ईदला त्याचाच फोन आला. मुंबईच्या कोणा प्रकाशकाला ती रद्दी आवडली आहे. “फक्त चेहरे जरा उजळ करू. आणि ही मोलकरणी-सफाईवाल्यांची नावं कशाला? तुझं एकटीचं टाकू.” मी म्हटले, “खलास! फोन ठेव.”

आता रद्दीला किंमत आली. ती तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली, तर वारसांची संमती लागेल. रशीद देणार नाही. नूरैनने दिली, तर त्या जादा भागातला निदान तिचा वाटा मैनाला जाईल. पण ती संमती माझ्या डोळ्यांदेखत देऊन चालत नाही, मी गेल्यावरच द्यायची असते. मनात धाकधूक आहे, ती लिहूनच टाकते. शाळेत असताना नूरैनने हे मासिक मैत्रिणींना कधी दाखवले नाही. “अम्मी, सगळे आपल्याला मेड लोक समजतील,” म्हणायची. बाळा, तुझ्यावर जबरदस्ती नाही. हक्क तुझा आहे. आईची मात्र विनवणी आहे.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवले व सही केली. ज्यांनी ज्यांनी माझ्यासाठी एक रेघ काढली, त्या सर्वांना सलाम.

अमीरुन्निसा बदरुद्दीन सरखोत

साक्षीदार: मजीद परकार, किराणा दुकानदार, सहम
साक्षीदार: तानाजी घाडी, वेल्डर, सोहार (अक्षर माझे, शब्द भाभींचे. एकही शब्द बदललेला नाही. बदलू दिला नाही.)

सीब, १४ मार्च २००८

खाली मी नूरैन लिहिते. माझं मराठी लिहिणं इतकं चांगलं नाही. अम्मीने हे सगळं वाचलं तेव्हा मी पण तिथे बसले होते. ती म्हणते माझं हो आत्ता चालत नाही, नंतर पाहिजे. ओके. नंतर पण सही करीन. पण अम्मी, तेव्हा तू ऐकायला नसणार. म्हणून आत्ता सांगते. हो.