गालामागची गाठ

प्रिय छकुली,

बाबा कॅमेरा का बंद ठेवतात, असं तू दर फोनला विचारतेस आणि मी नेटवर्कवर ढकलते. नेटवर्क ठणठणीत आहे. त्यांना तुला चेहरा दाखवायचा नव्हता.

सहा महिने सर्दी म्हणून अंगावर काढलं, ती सर्दी नव्हतीच. गालाच्या हाडामागे गाठ होती, पार कवटीच्या तळाला भिडलेली. नाकातून दुर्बीण घालून ती पूर्ण निघणार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चेहरा काढून समजावलं. नाकाच्या कडेने ओठापर्यंत चीर द्यायची, गाल बाजूला करायचा, हाड कापून वाट करायची, गाठ काढायची आणि हाड पुन्हा धातूच्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवायचं. बाबा म्हणाले, "म्हणजे बॉनेट उघडून इंजिनाचं काम." बाई हसल्या.

गाठ डोळ्याला चिकटली आहे का, हे उघडल्यावरच कळणार होतं. तशी वेळ आली तर बायको ठरवेल, असं बाबांनी फॉर्मवर लिहून दिलं. पण आत नेताना माझा हात धरून म्हणाले, "डोळ्याला हात लावू देऊ नकोस. एका डोळ्यावर बस चालवू देत नाहीत." तीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेला माणूस गं तो.

चौथ्या तासाला बाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. डोळा ठेवला तर गाठीचा तुकडा आत राहील आणि मेंदूकडे सरकेल, म्हणाल्या. "पाच मिनिटांत सांगा." तुला फोन लावायला घेतला होता, पण हे ओझं तुझ्यावर टाकायला मन धजेना. भिंतीला टेकले आणि म्हटलं, "काढा."

गाठ समूळ निघाली, डोळा गेला. फॉर्मवर माझं नाव असूनही डॉक्टरांनीच परस्पर ठरवलं असेल, असं बाबांना वाटलं. मीही वाटू दिलं. दोन महिने त्यांना भरवलं, पट्ट्या बदलल्या, पण त्यांच्याकडे सरळ बघणं काही जमलं नाही.

काल डेपोतून त्यांचं लॉकरमधलं सामान घरी आलं. गणवेशाची घडी घालत ते म्हणाले, "बाईंनी निदान तुला तरी विचारायला हवं होतं." विचारलं होतं, असं मी सांगून टाकलं. ते उठून खोलीत गेले. रात्री ताटही खोलीतच घेतलं. म्हणून हे लिहितेय. शनिवारी ये. माझी बाजू घेऊ नकोस, त्यांचीही नको. नुसती आमच्या मध्ये जेवायला बस. आणि त्यांच्याशी बोलताना नजर चुकवू नकोस. ते मी केलंय.

वाट बघतेय,
तुझीच आई