जांभळ्या फुलांचं नायलॉन

आई, आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. दोनदा चहा ठेवला आणि दोनदा गॅस बंद करून बाहेर ओट्यावर आले. झालंय तसं काहीच नाही. माझी लेक, तुझी नात, पुण्यात नोकरी करते, तू तिला पाहिलंच नाहीस, तिचा फोन आला होता. म्हणाली, मी आता महिनाभर एकच ड्रेस घालणार आहे, रोज धुवायचा आणि रोज तोच घालायचा, ऑफिसातल्या आम्ही काही जणींनी ठरवलंय, बघायचं कुणाच्या लक्षात तरी येतं का. हसत होती. मी म्हणाले, येतं लक्षात. तर म्हणाली, तुला काय माहीत?  तिला सांगायचं तर आधी तुझ्याशी बोलायला पाहिजे असं वाटलं, आणि तुझ्याशी त्या महिन्याबद्दल मी कधी एक शब्द बोललेली नाही. तू होतीस तेव्हा धीर झाला नाही आणि नंतर तू राहिली नाहीस.

दौंडची रेल्वेची चाळ मला अजून दिसते. दाराबाहेर बाज टाकलेली, धुण्यावर बसणारी इंजिनाची काजळी, आणि आप्पा लोको शेडमधून आले की त्यांच्या कपड्यांचा तेलकट वास. शिमगा होऊन गेला होता. जयंतीच्या तयारीसाठी वस्तीतली माणसं आपल्या दारात जमली होती, वर्गणीचं आणि पताकांचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात शिरूरहून मामा आला. चौफुल्याला गाडी बदलून आला होता, धुळीनं भरलेला, तरी पाय न धुताच आधी बोलायला लागला. शिरूरला बालवाडीच्या बायकांसाठी शिक्षणाचा वर्ग निघणार होता, सहा महिन्यांचा. सातवी पास बाई पाहिजे होती. राहायला मामाचं घर होतंच, आणि शिकून झालं की दौंडातच बालवाडी मिळेल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तू चहाच्या कपांचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होतीस आणि मी तुझ्या मागं. तुझी सातवी झालेली होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मामानं विचारलं, "काय म्हणतीस आक्का?" आणि तू श्वास घेतलास. मला तो ऐकू आला. पण बोलले आप्पा.

"तिला काय कमी हाय हितं? नवं पातळ पाहिजे असंल तर उद्या आणून देतो की."

सगळे हसले. मामासुद्धा हसला, जरा उशिरा. तू सगळ्यांना चहा दिलास, आप्पांनाही दिलास, आणि रिकामं ताट घेऊन आत आलीस. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते, तर म्हणालीस, तांदूळ निवडायला घे.

आप्पा वाईट नव्हते, आई. हे मी तुला सांगायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. वस्तीत त्यांना मान होता. मला पाढे त्यांनीच शिकवले. दर जयंतीला ते विहारासमोर उभे राहून बोलायचे, आणि त्यात पोरीबाळींना शिकवा हे हमखास असायचं, ते खऱ्या मनानंच म्हणायचे. तू सहा महिने घरात नसणार याची त्यांना भीती वाटली असावी, एवढंच. पण भीती वाटली असं त्यांना म्हणता आलं नाही, म्हणून ते तसलं काहीतरी बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच पातळ आणलं. पांढऱ्यावर मोठमोठी जांभळी फुलं, आणि वर नायलॉनचं. त्या काळी आपल्या चाळीत एका ड्रायव्हरच्या बायकोशिवाय कुणाकडं नायलॉन नव्हतं. आप्पा दारातूनच म्हणाले, बघ, आणलं का न्हाई. तू पदर बोटांत धरून पाहिलास, चांगलं हाय म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेसून शेगडी पेटवायला बसलीस. मला वाटलं, आनंद झालाय. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. नायलॉन असल्यामुळं संध्याकाळी धुतलं की घटकेत वाळायचं, आणि सकाळी परत तुझ्या अंगावर असायचं. नळावर तेच, दळणाला तेच, कोळसा आणायला तेच, बाजाराला तेच. तू रागावलेली दिसत नव्हतीस. आप्पांना ताट वाढत होतीस, त्यांच्याशी लागेल तेवढं बोलत होतीस. म्हणून तर कळत नव्हतं.

आप्पांच्या ध्यानात यायला आठवडा गेला असेल. जेवता जेवता त्यांनी विचारलं, बाकीची पातळं कुठं गेली? तू म्हणालीस, पेटीत हायती. मग हेच का रोज, असं त्यांनी विचारल्यावर तू शांतपणे म्हणालीस, "माझ्यात कमी होतं ते तुम्ही आणून दिलं. आता दुसरं कशाला?" आप्पांनी घास परत ताटात ठेवला. मला मात्र त्या दिवसापासून घरात बसवेना. शाळेतून आले की मी दारात उभी राहून आधी तुझ्या अंगावर काय आहे ते बघायची. जांभळी फुलं दिसली की दप्तर टाकून परत बाहेर पडायची. मैत्रिणींच्या घरी जायची, तिथं जीव रमायचा नाही, परत यायची.

उन्हाळा चढत गेला. नायलॉननं तुझी मान आणि पाठ घामोळ्यांनी भरून गेली. नळावरच्या बायका आधी हसल्या, मग विचारून दमल्या. पलीकडच्या खोलीतली म्हातारी, जिला सगळी चाळ मोठीआई म्हणायची, ती मात्र खवळली. तिनं तुला ओट्यावर बसवून सुनावलं, "आमच्यापाशी येकच हुतं म्हणून आमी त्येच नेसायचो. अर्धं अंगावर आन् अर्धं वाऱ्यावर. तुझ्या पेटीत चार हायती. आमची थट्टा करतीस व्हय?" तेव्हा पहिल्यांदा मी तुझे डोळे भरलेले पाहिले. तू तिला म्हणालीस, "थट्टा न्हाई मोठ्याई. मला येवढंच पाहिजे असं ह्यांनी चारचौघांत सांगितलंय. मग मी येवढंच नेसते."  म्हातारी आत जाऊन खोबरेल घेऊन आली आणि तुझ्या मानेला लावत राहिली. दोघींनी परत तो विषय काढला नाही.

आणि मग तो शेगडीचा दिवस. आप्पा दुपारच्या जेवणाला घरी आले होते, तू भाकरी थापत होतीस, कोळसा तडकला आणि ठिणगी तुझ्या पदरावर पडली. नायलॉन पेटत नाही, आधी वितळतं. तो वास मला अजून कुठं प्लॅस्टिक जळालं की येतो. आप्पांनी पिण्याच्या पाण्याचा तांब्या तुझ्या अंगावर रिकामा केला. पदराला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या आणि कडक. आप्पांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "काढ ते. शेगडीपुढं तरी नगं नेसू. पोरीकडं बघ." तू माझ्याकडं बघितलंस. भोकाची कडा चिमटीत धरून पाहिलीस, ओला पदर पिळलास, खोचलास, आणि तव्यावरची भाकरी उलटलीस. मी बाहेर पळाले. चाळीच्या टोकापर्यंत गेले, रुळांपाशी उभी राहिले, मालगाडी गेली, तरी घरी यावंसं वाटेना. तुला काही झालं तर, हे तर होतंच. पण तू माझ्याकडं बघूनही थांबली नाहीस, हे मला जास्त लागलं होतं.

जयंतीच्या दिवशी सकाळी आप्पांनी स्वतः पेटी उघडली. तुझं पांढरं पातळ काढलं, झटकलं आणि दोन्ही हातांवर घेऊन तुझ्यापुढं उभे राहिले. आजच्या दिवस, एवढंच म्हणाले. तू ते घेतलंस, घडी नीट केलीस आणि परत पेटीत ठेवलीस. विहारासमोर सगळ्या बायका पांढऱ्याशुभ्र बसल्या होत्या, आणि त्यांच्यात पुढच्या रांगेत तू, भोक पडलेल्या पदराची, जांभळ्या फुलांची. माणसं वळून वळून बघत होती. मी तुझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते. आप्पा बोलायला उभे राहिले. सुरुवात दर वर्षीसारखीच झाली, आवाज लागला, आणि मग ते पोरीबाळींच्या शिक्षणाच्या वाक्यापाशी आले. मला ते पाठ होतं, मी मनात पुढचं म्हणूनही टाकलं. आप्पा मात्र थांबले. तुझ्याकडं बघितलं. आणि ते वाक्य गाळून, मंडळाचे आभार मानून खाली बसले. कुणाला वाटलं असेल, तब्येत बरी नाही.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ते तुला म्हणाले, चल, शिरूरला जाऊन येऊ. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मीही. वरवंड गेलं, चौफुल्याला उतरून दुसरी गाडी धरली, भर उन्हात तुम्ही दोघं एका बाकावर, मधे मी. वर्ग एका शाळेच्या मागच्या खोल्यांत भरत होता. सुरू होऊन काही दिवस झाले होते. तिथल्या मुख्य बाई जाड चष्म्याच्या, कामात असलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तुलाच विचारलं, मागच्या महिन्यात नाव का नाही दिलंत? तू आप्पांकडं पाहिलंस. मला वाटलं, आता आप्पा पोरगी लहान आहे वगैरे काहीतरी सांगणार.

"मी नको म्हणालो," आप्पा म्हणाले. "हिला इचारलंच न्हाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, आता जागा नाही, दिवाळीनंतर दुसरा वर्ग आहे. मग आप्पांना ओलांडून तुझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही येणार का?" तू म्हणालीस, "येणार."

तिथून मामाच्या घरी गेलो. तू मामीला आत नेलंस, आणि बाहेर आलीस ती मामीच्या जुन्या हिरव्या सुती पातळात. नायलॉन तू मामीलाच देऊन टाकलंस. मामीनं पुढं ते भोक पदराच्या घडीत लपवून दोन-तीन लग्नांत मिरवलं. परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसलीस, आणि पाटस यायच्या आत तुला झोप लागली. आप्पा सगळा वेळ जागे होते. त्यांनी पुढं कधी तुझ्यासाठी स्वतः कापड आणलं नाही. दुकानापर्यंत सोबत यायचे आणि बाहेर उभे राहायचे. ते बिचारेपण होतं की शहाणपण, माझं अजून ठरत नाही.

तू दिवाळीनंतर गेलीस. वरवंडची आत्या येऊन राहिली. शिकून आलीस, वस्तीतल्या बालवाडीत लागलीस, आणि तुला जेवढी वर्षं मिळाली तेवढी ती केलीस. फार मिळाली नाहीत. तू गेलीस त्या वयाच्या पुढं मी केव्हाच आलेय. माझ्या संसारातही माझ्या वतीनं पुष्कळदा दुसऱ्यांनी उत्तरं दिली. मी तुझ्यासारखी गप्प राहिले नाही, जागच्या जागी भांडले, ओरडले, आणि तासाभरात विसरून कामाला लागले. त्यातून काही मिळालं, काही नाही. तुझी रीत बरी की माझी, हे विचारायला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तू काही बोलणार नाहीस हे माहीत असूनही मी सारखी उठून दाराशी जातेय.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही. लेकीला वाचून दाखवीन असं मघाशी वाटलं होतं, आता वाटत नाही, कारण एक गोष्ट राहिलीय. तू शिरूरला असताना एका रविवारी आप्पा मला तुला भेटवायला घेऊन आले होते. शाळेच्या अंगणात तुम्ही वीस-पंचवीस बायका गोल धरून लहान मुलांचं कसलंसं गाणं म्हणत होता, टाळ्या वाजवत, उड्या मारत. तू हसत होतीस, तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. मी तुला तसं घरी कधी पाहिलं नव्हतं. मी हाक मारली. तू बघितलंस, हात हलवलास, आणि ती फेरी पुरी करून मगच आलीस. जवळ घेतलंस, केसांवरून हात फिरवलास, आत्या वेणी नीट घालते का विचारलंस. आप्पा म्हणाले, बघ, आई किती खुशीत हाय. मी हो म्हणाले. आई, मला आनंद झाला नव्हता.