एक हात वजा दोन अंगुळं

४ फेब्रुवारी, मंगळवार

एका घोर अन्यायाची नोंद करून ठेवतो. चौकोन गेला!

शिशाच्या सैनिकांच्या आमच्या त्या जुन्या खेळाची आठवी आवृत्ती आलीय म्हणे. दुकानात उभ्या उभ्या चाळली. पान अकरावर फर्मान — यापुढे प्रत्येक सैनिक गोल चकतीवर उभा राहील. गोल! चौकोनी बैठकांवर माझ्या फौजेतले सांगाडे कसे खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. गोल चकतीवर ते सैन्य दिसत नाही, लग्नात ताट घेऊन जागा शोधणारे पाहुणे दिसतात. निषेधाचा खलिता मनातल्या मनात लिहून काढला, त्यात तीन समास घातले.

दुकानदार म्हणाला, "काका, मुलासाठी घेताय का?"

काका! मुलासाठी! पुस्तक ठेवलं आणि ताठ मानेने बाहेर पडलो. चौकापर्यंत जाऊन परत आलो आणि विकत घेतलं. तिरस्कार नीट करायचा तर ग्रंथ जवळ हवा.

५ फेब्रुवारी, बुधवार

चौकोनाचं दुःख पचतंय न पचतंय तोवर पान चौदा! "खेळाडूने हवे तेव्हा अंतर मोजावे." म्हणजे खेळच संपला की.

तिसऱ्या आवृत्तीची आम्ही दोघा भावांनी पारायणं केली होती. तिच्यात टेप खिशात ठेवायचा. आधी चढाई जाहीर करायची, मग मोजायचं. घोडेस्वारांची धाव सोळा इंच. समोरचा शत्रू सोळाच्या आत आहे की बाहेर, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं. चुकलात तर तुकडी अर्ध्या वाटेत उघडी पडते, आणि समोरचा तिचा यथासांग समाचार घेतो. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर जुनी आवृत्ती अनुमानावर चालायची, नवी प्रत्यक्षावर चालते. आता अनुमान करणाऱ्याला कोण विचारतो!

आणि अनुमानात माझी बरोबरी करणारा कोणी नव्हता. धाकटा तर येईल-जाईल त्याला सांगायचा, "दादाच्या डोळ्यात टेप बसवलाय. भूमापन कचेरीत उगीच नाही घेतलं त्याला!"

इथे थांबावं हे बरं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भावजयीचा फोन.

"दादा, रविवारी या. ह्यांनी तुमच्या खेळाची पेटी माळ्यावरून काढलीय. जुन्या नियमांनीच खेळायचं म्हणतात. दोन दिवस झाले, आपल्या फौजेतल्या त्या बुटक्यांची धूळ पुसताहेत."

एकोणीस वर्षांनी! मी म्हटलं, "त्याच्या बुटक्यांना सांग, सांगाडे अजून जिवंत आहेत."

ती हसली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "डोळ्याचं सांगितलं का त्यांनी तुम्हाला?"

डावा डोळा गेल्या वर्षी गेला, ते माहीत होतं. बरोबर मधोमध धुरकट डाग. आता उजव्यातही तोच डाग आलाय. धाकटा रंगाच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन येतं आणि हा बघून हुबेहूब छटा कालवून देतो. अठरा वर्षांत एक डबा परत आला नव्हता. गेल्या महिन्यात राखाडीच्या जागी हिरवा दिला. तोही शाळेच्या पूर्ण भिंतीला!

डॉक्टरीणबाई म्हणतात, शस्त्रक्रिया केली तर आहे ती नजर टिकेल, किंवा तीही जाईल. नाही केली तर हळूहळू जाणार, कदाचित दोन वर्षं, कदाचित पाच. निर्णय तुमचा.

"मग तो काय म्हणतो?"

"काही नाही. म्हणतात, दादाला विचारीन. त्याचा अंदाज कधी चुकत नाही."

८ फेब्रुवारी, शनिवार

आजवर कुणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही. इथे लिहितो.

माझ्या डोळ्यात टेप नव्हता. हातात होता.

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात साडेसतरा इंच भरतो. कचेरीतल्या पोलादी पट्टीने एकदा मोजून पाहिला. शाळेत सरांनी घोकून घेतलं होतं — एक हस्त म्हणजे चोवीस अंगुळं. त्या हिशेबाने सोळा इंच म्हणजे एक हात वजा दोन अंगुळं. इतकं सुबक उत्तर आलं की मला ते शास्त्राचं वरदानच वाटलं! संस्कृतचा संसारात उपयोग होत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायला हा एक दाखला पुरे होता. फक्त तो कुणाला दाखवता येण्यासारखा नव्हता.

मग मी चहाचा कप नेहमी टेबलाच्या मधोमध ठेवायला लागलो. कोपर माझ्या घोडेस्वारांशी टेकवायचं, कपासाठी हात लांबवायचा, एक घोट घ्यायचा. डोळे बारीक करायचे — हे निव्वळ नाटक. आणि म्हणायचं, "पंधरा आणि पाऊण. चढाई!" धाकटा टेप लावायचा. पंधरा आणि पाऊण! तो टाळ्या वाजवायचा. हरलेला माणूस टाळ्या वाजवायचा.

चहा थंड झालेला असायचा. तेवढं प्रायश्चित्त.

शेवटचा डाव आठवतो. रानडुकरावर बसलेला त्याचा सरदार — आम्ही त्याला सुभेदार म्हणायचो. तीन महिने खपून रंगवलेला. डुकराच्या सुळ्यावर केसाएवढी भेग काढली होती, एकाच केसाच्या ब्रशने. धाकट्याने त्याला जपून लांब उभा केला. "सतरा तरी आहे, इथे तुझे घोडे पोचत नाहीत." मी चहा घेतला. पोचले. सुभेदार दोन फाशांत गेला.

त्याने डुकराचा सुळा अंगठ्याने पुसला. मग म्हणाला, "माझ्यात ती नजरच नाही, दादा."

पुढच्या महिन्यात आमच्या कचेरीची परीक्षा होती. त्याने फॉर्म भरला होता, पुस्तकं माझीच होती. तो बसलाच नाही. "ज्याला अंतर कळत नाही, तो लोकांची जमीन काय मोजणार!"

जमीन नजरेने मोजत नाहीत. साखळीने मोजतात, यंत्राने मोजतात. हे मला पक्कं माहीत होतं, माझं पोटच त्याच्यावर होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "बघ, तुझी मर्जी."

उद्या सांगून टाकणार. आधी सांगणार, मग खेळणार.

९ फेब्रुवारी, रविवार

आधी खेळलो.

गेलो तर टेबल मांडून तयार. हिरवं कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या, आणि तेव्हाच्याच चिकटपट्टीने जोडलेली तिसरी आवृत्ती. धाकटा बुटक्यांना अंगठ्याने चाचपून ओळखत होता. "हा ढोलवाला. हा तुटक्या कुऱ्हाडीचा. आणि हे आमचे सुभेदार!" डोकं जरा वाकडं करून बघतो आता, डागाच्या कडेने.

"आठव्या आवृत्तीत आधी मोजता येतं," मी सुचवून पाहिलं.

"शी! मग तुझ्या नजरेचं काय लोणचं घालायचं?"

सांगायचं होतं. भावजय चहा घेऊन आली आणि कप सवयीने मधोमध ठेवून गेली.

मी हात मांडीखाली घेतले. अक्षरशः! आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. चौदा वाटलं. "चौदा. चढाई!" भावजयीने टेप लावला. एकोणीस.

पाच इंचांची चूक! माझे स्वार अर्ध्या वाटेत मख्खासारखे उभे. मला वाटलं, हसेल. त्याचा चेहरा उतरला.

"दादा, कीव करतोस का माझी? आंधळा झालोय म्हणून मुद्दाम हरणार?"

"अरे, खरंच चुकलो."

"तू? पाच इंच? मला बाळ समजतोस!"

मग त्याची पाळी. म्हणाला, "मला तुझे सांगाडे म्हणजे नुसतं पांढरं धुकं दिसतंय. माझ्या सुभेदाराचं अंतर तूच सांग. पण खरं सांग हं. पूर्वीसारखं."

पूर्वीसारखं. काय करणार होतो? सुभेदाराशी कोपर टेकवलं. कपाकडे हात नेला. एक घोट घेतला.

"साडेपंधरा," म्हणालो.

टेप लागला. साडेपंधरा. धाकटा लहानपणी उडायचा तसा खुर्चीत उडाला. "बघ! बघ गं! ही नजर!" सुभेदाराने माझ्या सेनापतीची हाडं गोळा केली आणि एकोणीस वर्षांचा सूड पुरा झाला. मी इतका खूश याआधी कधी हरलो नव्हतो. दहा मिनिटं टिकलं.

फासे पेटीत टाकता टाकता, मान वर न करता तो म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाईंनी कागद दिलाय. वाच आणि सांग. करू की नको?"

"मी काय सांगणार?"

"तुला लांबचं कळतं. मला कधीच कळलं नाही."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. कोपर, चहा, दोन अंगुळं. "अरे, मी हाताने मोजायचो रे. प्रत्येक डाव."

तो एवढा हसला की भावजय आतून धावत आली. "ऐकलंस? दादा म्हणतो, हाताने मोजायचो! आणि मी ह्या बुटक्यांना रोज दूधभात भरवतो!"

"खरं सांगतोय."

"हो, हो. आणि समास कुठला झाला हा?"

उभा जन्म थट्टेत घालवला. गंभीर बोलायची वेळ आली तर तोंडाला पत उरली नव्हती.

तो हसायचा थांबला. वाट बघत राहिला. कागद माझ्या हातात होता. तीन वेळा वाचला, त्यात आकडाच नव्हता. समोर वाकडी मान करून माझा भाऊ माझा चेहरा डागाच्या कडेने शोधत होता.

"कर," मी म्हटलं.

"झालं मग!" म्हणाला. असा हलका झाला!

१० फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर दोन शेजाऱ्यांच्या कुंपणाचा वाद. यंत्र लावलं, दोनदा मोजलं, चौघांच्या सह्या घेतल्या. वीतभर जमिनीसाठी!

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोन केला. म्हटलं, परवाचं ते हाताचं खरं होतं, थट्टा नव्हती, तू दुसऱ्या कुणाला तरी विचार.

"दादा, कशाला माझं मन हलकं करतोस? सकाळीच सही करून आलो. गुरुवारचा वार मिळालाय. तू येशील ना?"

येईन म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आठवी आवृत्ती परत काढली. पान चौदा. "हवे तेव्हा अंतर मोजावे." किती सरळ, किती सज्जन वाक्य आहे. हे लिहिणारा माणूस आमच्या घरी तेव्हा यायला हवा होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साडेआठला त्याला आत नेलं. जाताना चष्मा माझ्या हातात दिला, म्हणाला, "सांभाळ, सुभेदारांचा आहे." पट्टी रविवारी निघेल.

'कर' म्हणालो तेव्हा मला काहीही दिसत नव्हतं. चौदा की एकोणीस, कळत नव्हतं. त्याला वाटलं, मी बघून सांगितलं.

मला भीती वाटते.