काचेच्या टाकीतलं गवत

प्रिय भिंगरी,

तू जलशुद्धीकरण केंद्राची प्रमुख झालीस, हाताखाली माणसं आली, तरी कागदावर हेच नाव उतरलं. चालवून घे. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या बापाने पत्र कशाला लिहावं, असं म्हणशील. पण समोर बसलो की मी कवितेत शिरतो, तू घड्याळाकडे बघतेस आणि मुद्दा राहतो बाजूला. कागद बिचारा मला मध्येच तोडत नाही.

परवा चष्म्याच्या दुकानातलं जुनं कपाट आवरलं, तर तो पुठ्ठा सापडला. त्यावर मी शाळेतल्या एका कवितेचं कडवं ठळक अक्षरांत उतरवून भिंतीला टांगलं होतं. बाकीचे चष्मेवाले गिऱ्हाइकाला सुटी अक्षरं वाचायला लावायचे. मला वाटे, डोळे तपासताना माणसाने निदान काही गोड तरी वाचावं. शाळा सुटली की तू दुकानात येऊन बसायचीस. एकदा त्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई आल्या आणि डोळे मिटून, चालीसकट, अख्खं कडवं म्हणून मोकळ्या झाल्या. मी खूश! तू मात्र खो-खो हसत म्हणालीस, बाबा, यांना कविता येते, दिसतंय कुठे? आईने तर जाहीर केलं की तुमच्या दुकानात आंधळाही पास होईल. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने सुटी अक्षरं टांगली.

घरचं बरं चाललंय. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापुढे त्याचं काही चालत नाही. गॅलरीतल्या कुंड्या मात्र रोज नळाचं पाणी घालूनही रुसल्यात. टोमॅटोची पानं अशी मुरडलीत, जणू कुणी कान पिळलेत. आई म्हणते, सकाळ-संध्याकाळ तुमच्या कविता ऐकल्यावर दुसरं काय होणार?

गेल्या आठवड्यात तू आमच्याकडे डबा विसरलीस, तो द्यायला मी केंद्रावर आलो होतो. तू बैठकीत होतीस, म्हणून बाहेर त्या मोठ्या काचेच्या टाकीपाशी टेकलो. नळाला जातं तेच पाणी, क्लोरीन घालण्याआधी, तिच्यात खेळवायचं आणि मासे जगले की पाणी चांगलं समजायचं, ही तुमच्याकडची जुनी रीत. रखवालदार कौतुकाने म्हणाला, काका, बघा कसे टुणटुणीत आहेत! मासे मजेत तर गाव मजेत. खरंच मजेत होते गं. पण तू नोकरीला लागलीस तेव्हा त्या टाकीत पाणगवत होतं, वाऱ्यावाचून डुलणारं. मी त्याच्यावर चार ओळी केल्या होत्या. तू अजून वाचलेल्या नाहीस. आता तिथे प्लास्टिकचं गवत लावलंय. विचारलं, तर रखवालदार म्हणाला, खरं लावून लावून थकलो हो. वर शेतांत फवारणी झाली, पाऊस पडला, की पिवळं पडून कुजतंच. मेलं तर मेलं, गवतच ते!

परतताना पाय आपोआप बियाणांच्या दुकानाकडे वळले. शेतांत काय फवारतात, विचारलं. तणनाशक, दुकानदार म्हणाला. थोडंफार वाहून, आपल्या नळाला पाणी येतं त्या तलावात जातच असणार, असंही म्हणाला. मग टाकीतले मासे कसे मरत नाहीत, मी विचारलं. तो हसला. काका, औषध गवताचं आहे, एवढ्याशा अंशाने माशाला काय होतंय? तेव्हापासून पोस्टमास्तरीणबाई डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तुमचे मासे पाठ असलेली कविता म्हणताहेत आणि आपण पाण्याला पास करतोय.

मी काही शास्त्रज्ञ नाही. चुकत असेन, आणि चुकलो तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण तूच एकदा सांगितलं होतंस की तुमच्याकडे जंतू, गढूळपणा आणि क्लोरीन बघतात. तणनाशकासाठी नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत धाडावा लागतो आणि तो कुणी धाडत नाही. म्हणजे पाण्यात ते किती आहे, आहे की नाही, हे मला ठाऊक नाही आणि बाळा, तुलाही नाही.

आता खरं सांगतो, पत्र का लिहिलं. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी पोर पहिलटकरीण आहे. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, काका, तुमची लेक तिथे साहेब आहे ना, मग सांगा की, मी हे पाणी पिऊ का? सोमवारी नगर सभागृहात तू लोकांपुढे पाणी शुद्ध असल्याची ग्वाही देणार आहेस. तेव्हा हा प्रश्न विचारायचा, असं आमच्या गल्लीने ठरवलंय, आणि विचारायला मी हो म्हटलंय. दुसऱ्या कुणी विचारला असता तर त्यात तुझ्यावरचा रागही आला असता. माझ्याकडे तो नाही. पण हे तुला तिथे, चारचौघांत कळू नये. त्याआधी नमुना धाड, आणि माईकपुढे सरळ सांग की तणनाशकाचं अजून माहीत नाही, तपासतोय, निकाल येईपर्यंत गरोदर बायकांना आणि तान्ह्यांना दुसरं पाणी पुरवू. मग मी जागचा हलणार नाही. ग्वाहीच दिलीस, तर मात्र उठेन. लोक म्हणतील, बाप असून लेकीला आडवा गेला. म्हणू देत. तू पहिल्यापासून हुशार. ‘माहीत नाही’ हे शब्द तुझ्या तोंडून मी आजवर ऐकलेले नाहीत. सोमवारी ते ऐकायला आई आणि मी पहिल्या रांगेत बसू.

तू काहीही बोललीस, तरी तुझाच,
बाबा