टेबलवाल्यांनी लिहून घेतलेली हरकत

ता. ४ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि. आशीर्वाद सवयीने लिहिलाय, मनापासूनचा नंतर बघू.

अगं, सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय द्यायचा तर निदान चप्पल तरी काढायची! बारा वर्षं मी तुमची बंद वकिलात सांभाळली. दर सोमवारी नळ न् नळ सोडते, तांबडं पाणी जाऊन पांढरं येईपर्यंत उभी राहते. खिडक्या उघडते, खुर्च्या झोडते, वाळवीवर डोळा ठेवते. तुमच्या सरकारने कडी लावली आणि गेले निघून. घराला घरपण राहिलं ते या दोन हातांनी. आणि आता दोन्ही देशांचं जमलंय, वकिलात पुन्हा उघडणार, तर घर सांभाळायला तिकडून माणूस येणार म्हणे. आणि ते माणूस कोण? तर ड्रायव्हरची बायको. म्हणजे तू! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आजवर ऐकला होता, आता नात्यातच निघाला.

आणि मला कळलं कुणाकडून? तर टेबलवाल्यांकडून. तुला ते माहीत नाहीत. दोन देशांचं फाटल्यापासून तिसऱ्याच एका देशाच्या कचेरीत तुमच्या देशाच्या नावाचं एक टेबल टाकलेलं आहे, तुमचं जे काही काम इथे अडेल ते तिथे. त्यामागे बसतात ते टेबलवाले. सज्जन माणूस, पण ओठ शिवलेले. बोलणं कमी, लिहिणं फार. त्यांनी हळूच सांगितलं की उन्हाळ्याच्या आत किल्ल्या तुझ्या हाती द्यायच्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! मी तिथेच उभ्या उभ्या त्यांना सांगितलं की कुणाला बोलावताय, तिला मिठाचा अंदाज नाही, हातात काच टिकत नाही, आणि तोंड तर असं की वकिलात महिन्यात परत बंद पडेल. ते मान हलवत होते. मी बोलून मोकळी झाले.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला आता समोरचं माणूस हातभर अंतरावर आलं तरच दिसतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, कापून उपयोग नाही, आहे ते जपा. तरी तुझं नाव निघालं की दाराकडे तोंड करून बसते. तुझ्या भावोजींची पाठ धरली आहे, बाकी ठीक.

जावईबापूंना विचारलं म्हणून सांग, आणि हेही सांग की मी रागावले आहे. लोभ आहेच, तो ठेवायचा की आटवायचा ते तुझं उत्तर बघून ठरवीन.

तुझी ताई


ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार खाली वाकूनच केला आहे, म्हणजे तुझा हात पाठीत बसायला सोपा पडेल.

पत्र वाचलं. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. नागोबापाशी आल्यावर ते इतके हसले की चहा सांडला. काच फुटली नाही, कळावं.

ताई, आता माझं ऐक. यांना नव्या राजदूतांची गाडी चालवायला तिकडे पाठवायचं ठरलं, कारण तिकडचे रस्ते यांना पाठ. मी विचारलं की मला जाता येईल का. ह्यांचे कचेरीतले साहेब म्हणाले की दोन्ही देशांचं असं ठरलंय, जेवढी माणसं ते पाठवतील तेवढीच आपण पाठवायची, एक जास्त नाही. नुसती बायको म्हणून यायला जागा नाही, काम असेल तरच. काम एकच उरलं होतं, घर सांभाळायचं. मी म्हटलं की ते माझी बहीण करते. ते म्हणाले, तिथल्या माणसांचं तिथे बघतील. मला वाटलं, तुला दुसरं काहीतरी देतील. तुला आधी लिहायला हवं होतं, पण काम पक्कं झाल्याशिवाय आईला आशा लावायची भीती वाटली, आणि तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही.

नाही म्हटलं तर काय होईल तेही सांगते. पाहुणे म्हणून येणाऱ्यांच्या परवान्यांची खिडकी तुमची वकिलात इकडे उघडल्यावर, रांग लागल्यावर, केव्हातरी उघडेल. कुणी म्हणतं सहा महिने, कुणी म्हणतं दोन वर्षं. आईला हातभर अंतरावरचं दिसतंय ना अजून? मग मला त्या हातभर अंतरात यायचं आहे. एवढंच आहे गं.

एक काम आहे. नवे राजदूत पहिल्या दिवशी भाषण करणार आहेत, आमच्या देशाची तुमच्या देशातली वकिलात कशी सुरू झाली त्यावर. कागदांत तारखा आहेत, गोष्ट नाही. मी फुशारकी मारली की ती आमच्या घरात आहे. तेवढी लिहून पाठव. शिव्या गाळून.

लोभ आटवू नकोस, इकडे पाण्याचीही टंचाई आहे.

तुझी धाकटी


ता. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि. या खेपेचा आशीर्वाद खरा आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा आईला वाचून दाखवलं, म्हणजे पोटात राहिलं नाही हे तू आधीच ताडलं होतंस. ती उठली, चाचपडत कपाटापाशी गेली आणि तुझी उशी उन्हात टाकायला लावली. आता मी काय भांडणार? ये बाई. माझं मी बघीन. धुण्याभांड्याला जगात तोटा नाही.

आता राजदूतांच्या भाषणाची गोष्ट. मी शाळेत चौथीपर्यंतच टिकले, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

पहिल्यांदा वकिलात म्हणजे एक माणूस होता. तुमच्या देशाचा व्यापारी, दिव्याच्या काचा विकायचा, रंगाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. पगार नाही, नुसता मान. बंदरावर तुमचा एखादा खलाशी कागद हरवून, दारू पिऊन पडला की त्याला सोडवून आणायचा आणि शिक्का मारून घरी धाडायचा. आपली आजी ती खोली झाडायची. जिन्यात पाटी होती, तिच्यावर तुमच्या राज्याचा पक्षी. आजीने ती राखेने अशी घासली की पक्ष्याचा एक डोळा गेला. व्यापारी म्हणाला, राहू दे, एका डोळ्याने कमी भानगडी दिसतात.

मग खरा पगारी वकील आला, कोर्टातला नव्हे, राज्याचा; तीन खोल्या, दोन कारकून. त्याने पाटी नवी केली. मग कालव्याकाठचं हे मोठं घर घेतलं आणि स्वयंपाकघरात आपली आई लागली. मोठ्या लढाईत ते बंद झालं, लढाई संपल्यावर उघडलं. पुढे वकिलातीला बढती मिळाली, साध्या वकिलाच्या जागी राजदूत आले. त्या दिवशी आईने इतकी माणसं जेवू घातली की दुसऱ्या दिवशी तिला हात वर करता येईना. त्याच राजदूतांच्या गाडीवर तुझा ड्रायव्हर होता. गाडी पुसायला दिवसातून चारदा पाणी मागायला यायचा. एवढी स्वच्छ गाडी पुन्हा कुणी पाहिली नाही!

मग समुद्रातल्या मासळीवरून दोन्ही सरकारं हातघाईवर आली. मासे कुणाचे? माशांना कुणी विचारलं नाही. पाटी उतरली, नवऱ्यामागून तू गेलीस, आणि एवढ्या मोठ्या घराचं एक टेबल झालं. साहेबांना म्हणावं, भाषणात एवढं सांगा की राजदूत येतात आणि जातात, पण दोन्ही वेळा बंद घराच्या किल्ल्या एकाच घरात होत्या. पहिल्यांदा आईकडे, आता माझ्याकडे.

येताना गरम कपडे आण. लोभ भरपूर आहे, पाणी पाठवता येत नाही.

तुझी ताई


ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

माझं जाणं थांबलं. साहेबांनी बोलावून सांगितलं की तिकडून माझ्या नावावर हरकत आली आहे, तिथल्या रहिवाशाची, लेखी, टेबलाच्या शिक्क्याने. मी म्हटलं, चूक झाली असेल, मला ओळखतं कोण तिथे आता? त्यांनी वाचून दाखवलं. स्वभाव भांडखोर. काचसामान हाताळण्यास अपात्र. मिठाचा अंदाज नाही.

मिठापाशी मला कळलं.

पत्रात मला शिव्या दिल्यास त्याचं मी हसू केलं, कारण त्या आपल्या घरातल्या. पण ताई, तू सरकारात जाऊन लिहून दिलंस? ह्यांना एकट्यालाच जायला सांगितलं आहे. ते म्हणतात की तुझ्याशिवाय जात नाही, म्हणजे त्यांचंही काम जायचं. मी ट्रंक परत माळ्यावर टाकली. आईला काय सांगायचं ते तू ठरव.

लोभाचं तूच बघ.

धाकटी


ता. १८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि. हे पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड.

दोघींची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं आलं तशी मी हातातलं टाकून टेबलवाल्यांकडे गेले. त्यांना विचारलं की मी लिहून कधी दिलं? ते शांतपणे म्हणाले की तुम्ही दिलं नाही, तुम्ही बोललात, मी लिहिलं. इथल्या रहिवाशाने नावावर आक्षेप घेतला की तो जसाच्या तसा पुढे धाडणं त्यांचं काम आहे. जसाच्या तसा! उचलली जीभ लावली टाळ्याला ही माझी जन्माची खोड, पण आजवर तिला कुणी शिक्का मारला नव्हता. मी त्यांना म्हटलं, अहो, आमच्या घरात याला बोलणं म्हणतात, हरकत म्हणत नाहीत. धाकटीला शिव्या द्यायचा हक्क माझा, तुमच्या सरकारने तो कशाला उचलावा? तर ते म्हणतात, पुढच्या वेळी आधी तसं सांगत जा.

मग हरकत मागे घ्यायची ठरली. तीही लेखी हवी, कारणासकट. त्यांनी सुचवलं की गैरसमज लिहू. मी म्हटलं, गैरसमज कसला, काच तिच्या हातात खरंच टिकत नाही. मग कारण काय, म्हणाले. मी म्हटलं, ती माझी बहीण आहे आणि आईला तिला बघायचंय. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, कौटुंबिक कारण. खाली मी सही केली. तो कागद गेला.

निघताना त्यांनी मला विचारलं की किल्ल्या बहिणीकडे गेल्यावर तुम्ही काय करणार? मी म्हटलं, भांडी. ते म्हणाले, बसा. वकिलातीत रस्त्याच्या बाजूला, तिकडे पाहुणे म्हणून जाणाऱ्यांच्या कागदांची खिडकी उघडायची आहे. उघडणार ही नुसती बातमी फुटली आणि आताच फाटकाशी माणसं येऊन उभी राहतात. कुणाची मुलगी तिकडे, कुणाचा भाऊ. ढकलाढकली करतात, रडतात, खोटं बोलतात. तिथे रांग लावायला, म्हाताऱ्यांना बसवायला आणि पुढे घुसणाऱ्याला मागे धाडायला इथलंच माणूस हवं, तिकडचं चालत नाही. म्हणाले, आवाज असलेलं हवं. मी म्हटलं, हे तुम्ही कुठे लिहून ठेवलंत का? ते हसले. मी पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले.

तेव्हा घर तुझं, फाटक माझं. माझ्या कामात बोलायचं नाही. तुझ्या कामात मी बोलणार, ते चालवून घे. नळांचं सोमवारी तुला दाखवीन, त्यात एक मागचा नळ डावीकडे फिरतो.

काल फाटकाशी एक बाई आली, तिची लेक तिकडे दिली आहे. कागद कधी मिळेल विचारत होती, मी तिला पायरीवर बसवलं. तिने मला विचारलं की तुमचं कुणी आहे का तिकडे? मी म्हटलं, आहे, पण ती येतेय. म्हणून टाकलं, धाकटे. तू ट्रंक माळ्यावर टाकलीस हे मला ठाऊक असताना म्हणून टाकलं.

आईला सगळं सांगितलं. ती माझ्यावर जे बोलली ते टेबलवाल्यांनी ऐकलं असतं तर माझ्यावर दोन पानी हरकत गेली असती. आता तिच्याशी बोलत नाहीस का, म्हणून मला सारखी विचारते. मी म्हणते, मी बोलतेय, तिलाच विचार.

आता नीट वाच. हरकत मागे घेतली तरी तुझं नाव आपोआप परत चढत नाही. जिच्यावर हरकत आली होती तिने स्वतः कळवायचं की येते. तुझ्या साहेबांना सांग आणि मला तार कर. ती मी टेबलावर नेऊन ठेवीन, त्यांना तेवढं पुरतं. नाही येत असं लिहिलंस तर तेही मी मुकाट्याने नेईन, आणि आईला वाचून दाखवीन. पण बघते असलं काही लिहिलंस, तर मी त्यांना तार न दाखवता तोंडीच सांगेन की येतेय, आणि मग दोन देशांत काय व्हायचं ते होवो. माझं बोलणं ते लिहून घेतात, हे तुला माहीत आहे.

पाच मार्चला दुपारी त्यांचं तुमच्या सरकारकडे जाणारं कागदांचं पाकीट बंद होऊन निघतं. चार तारखेच्या संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं.

लोभ धरून बसलेली,
तुझी ताई