वहीतला काना कोणी खोडू नये

मी, सत्यभामा पुंडलिक काळबांडे, बी. ए., वय चोवीस, मुलींच्या शाळेत शिक्षिका, राहणार कमानिया गेटजवळ, जबलपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहिते. सोमवारी नागपुरास माझ्या गळ्याच्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांना काळजी नाही, मलाही नाही. त्यापुढचे धडे मी काढून ठेवले आहेत. तरी एका गोष्टीची व्यवस्था लावून जाणे बरे.

१. शिलाईची मशीन व दोन रेशमी लुगडी बहीण इंदूला. मशीन वापरावी, झाकून ठेवू नये.

२. पुस्तके शाळेला. इंग्रजी शब्दकोश मात्र सहशिक्षिका विनताताईंना. दोन वर्षे तो त्यांच्याच घरी आहे, आता मागण्यात अर्थ नाही.

३. आता ती वही. तीन वर्षांपूर्वीच्या दंगलीच्या त्या चार दिवसांना आमच्या घरी ‘गडबड’ म्हणतात, उर्दूच्या शिक्षिका कनीज आपांच्या घरी ‘फसाद’. शाळा उघडली तेव्हा आम्ही शिक्षिका एकमेकींशी फक्त वेळापत्रकापुरते बोलत होतो. मुली विचारत, आणि प्रत्येक वर्गात त्यांना निराळे उत्तर मिळे. म्हणून आपा, विनताताई आणि मी ठरवले की जिने जे पाहिले ते एकाच वहीत, मराठीत लिहायचे. नियम आपांनी घातला: कर्त्याशिवाय वाक्य लिहायचे नाही.

४. नियम मीच मोडला. पान सतरावर लिहिले, ‘जिल्दसाजाचे दुकान जळले.’ दुकान आपांच्या वडिलांचे, ते पुस्तके बांधून देत. आपा वाचून म्हणाल्या, “सत्या, दुकान अपने आप जला क्या?” दोन दिवस मला शाळेत जाववले नाही. तिसऱ्या दिवशी ‘जळले’ला काना देऊन ‘जाळले’ केले आणि कर्ता लिहिला: माझे काका अंबादास. मी माडीवरून पाहिले होते. पनागर गावची भाजी बंडीने सदर बाजारात नेऊन विकून ज्यांनी मला बी. ए. केले, तेच हे काका. पुढे पान एकवीसवर आपांनी आपल्या मावसभावाचे नाव घातले. विनताताईंच्या वडिलांचा हात त्याने मोडला होता. घरी बोलणी आपांनीही खाल्ली.

बाबा मला म्हणाले, “घरातलं नाव काहून लिहून राहिली तू? फाड ते पान.” नंतर चार महिने ते बोलले नाहीत. बाबा, माझा राग मी इथेच सोडते. पण पान फाटणार नाही.

५. वही आपा व विनताताई यांनी एकेक वर्ष सांभाळावी. त्यांच्यानंतर ती शाळेतल्या सर्वांत नव्या शिक्षिकेकडे जावी. दरवर्षी सातवीच्या मुलींना वाचून दाखवावी. भाषा कोणी मऊ करू नये.

६. ज्यांना काही मिळते त्यांची साक्ष नको, असे वकिलांनी सांगितले. म्हणून मी काकांकडे गेले आणि त्यांना हे सारे वाचून दाखवले. ते म्हणाले, “चवथं पुन्हा वाच.” वाचले.  मग काका म्हणाले, “नुसतं अंबादास नको लिहू. पनागरात तीन अंबादास आहेत, त्यांच्यावर आळ काहून? पूर्ण नाव लिही.” त्यांच्यासमोर पान सतरा दुरुस्त केले.

जबलपूर, ता. ९ डिसेंबर १९३८

सही: सत्यभामा पुंडलिक काळबांडे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. गुणवंत हेमचंद्र बोबडे, शेजारी
२. अंबादास विठोबा काळबांडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा