जगभर करकरणारं तुमचं दार

मेहुणेबुवांस,

साष्टांग नमस्कार घालावा तर मी तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, आणि नुसते आशीर्वाद द्यावेत तर तुम्ही सहा वर्षं माझ्यावर फुगलेले. तेव्हा मधला मार्ग म्हणून हा साधा नमस्कार घ्या. तुमची कंबर कशी आहे? दुकानातली घड्याळं एकमेकांशी जुळवून घेतात की अजून प्रत्येकाचा सवता सुभा? माझी तब्येत ठणठणीत आहे (एक दाढ सोडून, हे सगळं सुरू झालं ते तिच्यापासूनच).

मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीवर कुठल्याशा परक्या भाषेतला भुताचा सिनेमा चालू होता (आधीच घाबरलेल्या माणसांना भुतं कशाला दाखवतात देव जाणे). एक बाई जिना चढते, दार आपोआप उघडतं, लांबलचक करकर होते, आणि मी ताडकन उभा! अहो, ते तुमच्या स्वयंपाकघराचं दार! चाळीस वर्षं मी सिनेमांना पावलं, थपडा आणि दारं पुरवली, माझा कान चुकायचा नाही. आणि करकर संपता संपता, अगदी लक्ष दिलं तरच ऐकू येईल अशा आवाजात, तुमची ताई म्हणाली, "झालं का तुमचं?" नर्सबाईंना वाटलं, माझी कळ मस्तकात गेली. त्यांनी माझा नंबर पुढे घेतला. मी रडत होतो, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नाही.

तो आवाज भरला तेव्हा आम्ही तुमच्याकडे मुक्कामाला होतो आणि तुम्ही दुकानात होतात. (एक कबुली देऊन टाकतो. त्याआधी आठवडाभर मी बिजागऱ्यांना मिठाचं पाणी पाजत होतो. तुम्ही सकाळी तेल घालायचात, मी दुपारी पुसायचो. दमट हवेला तुम्ही घातलेल्या शिव्या खरं तर माझ्या आहेत, त्या पोचल्या.) तीन तास मी दार उघडत होतो आणि मिटत होतो, तुमची ताई आत अडकून पडलेली. शेवटी तिचा धीर सुटला. फीत चालू असताना तोंड उघडायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, तो तिनं मोडला आणि नेमका तोच तुकडा सगळ्यांत झकास निघाला. स्टुडिओच्या मालकांनी तो सर्व हक्कांसकट घेतला, त्या पैशांत आमच्या छताला पंखा लागला. मूळ फितीवर मी पुढे कागद चुरगाळून वणव्याचा आवाज भरला, कारण फीत महाग होती आणि बायको काय, घरातच होती. आज माझ्याकडे हजार माणसांच्या पावलांचे आवाज आहेत, तिचा एकही नाही.

घरी आल्यावर तुमच्या भाचीला कॉम्प्युटरवर बसवलं. तिनं शोधून काढलं ते ऐकून मी थक्क झालो, मेहुणेबुवा. मालकांचं आवाजांचं सगळं भांडार एका परदेशी कंपनीनं विकत घेतलंय. महिन्याची वर्गणी भरली की कुणीही तुमचं दार घेऊन जावं! ते दार शेकडो सिनेमांत उघडलंय, मुलांच्या खेळांत उघडलंय, गुडघेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीतसुद्धा (तिथे ते गुडघा झालंय). आपण खुर्ची विकली तर आपल्याकडची खुर्ची जाते. हे दार एवढ्या लोकांनी नेलं तरी तुमच्या चौकटीत जागच्या जागी, आणि झिजत म्हणून नाही! आणि नेटवर लोक वाद घालतात की करकरीनंतर ते भूत नेमकं काय पुटपुटतं. एका विद्वानानं लिहिलंय की हा लुप्त झालेल्या भाषेतला शाप आहे. भाची म्हणते, "बाबा, तुम्हाला चक्क लुबाडलंय." असेलही. पण ज्या बाईनं माहेर आणि सासर सोडून तिसरं गाव पाहिलं नाही, तिला अख्खं जग कान देऊन ऐकतंय, हे कळल्यापासून मला हिशेब म्हणून सुचत नाही.

इथे मी माती खाल्ली. आनंदाच्या भरात कंपनीला पत्र लिहिलं, आभार मानले आणि वर ऐटीत कळवलं की शेवटचा आवाज माझ्या बायकोचा आहे. झालं! त्यांचे वकील जागे झाले. म्हणे एका व्यक्तीचा आवाज परवानगीशिवाय विकला जातोय. महिनाअखेरीला यंत्रानं तिचा आवाज धुऊन काढणार, नुसती स्वच्छ करकर ठेवणार, आणि माहिती दिल्याबद्दल मला मानधनही देणार. तिला पुसल्याचे पैसे! इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता तोवर ती सुखरूप होती, मी कौतुक केलं आणि घालवली.

तिच्या शेवटच्या दिवसांत मी तुम्हाला उशिरा कळवलं. ती बरी होईल असं मला वाटत होतं. तुमचं तिच्याशी बोलणं राहून गेलं, ते मला रोज डाचतं. तुमचा राग रास्त आहे. असो. हे सगळं केवळ तुमच्या माहितीसाठी लिहिलं, दुसरा काही हेतू नाही. घरच्या मंडळींना नमस्कार, आणि कमरेला शेक देत जा.

तुमच्या ताईचा,
नवरा

ता. क. हेतू आहे. नवऱ्यानं आणि माहेरच्या एका सख्ख्या माणसानं लेखी परवानगी दिली, तर आवाज आहे तसा राहील. मानधन मात्र मिळणार नाही. ते मी आधीच नाकारलंय (भाची बोलत नाही).

आणखी एक ता. क. तुम्ही पत्राला उत्तर द्यायला किती दिवस लावता ते मला ठाऊक आहे, म्हणून तुमची सही मीच ठोकून दिली. तुमच्या सहीपेक्षा बरी आली आहे.

शेवटचं. खात्री करून घ्यायला कंपनीची माणसं गुरुवारी सकाळी तुम्हाला फोन करतील. सहीबद्दल विचारलं तर "माझीच आहे" म्हणून सांगा. मग ते तो तुकडा ऐकवतील आणि विचारतील की आवाज ओळखता का. तेव्हा दुकान थोडं उशिरा उघडा, आणि खुर्ची ओढून बसल्यावरच फोन उचला.